वॉर्सा घेट्टोतली प्रवचनं कशी वाचायची?

डिसेंबर १९५० मध्ये वॉर्सा शहरात नोवोलिप्की रस्त्यावर जमिनीखाली दुधाचे दोन मोठे कॅन सापडले. ते कागदांनी ठासून भरलेले होते. घेट्टोत, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ज्यू माणसं कशी जगली आणि कशी मेली याची नोंद इमॅन्युएल रिंगेलब्लुम हे इतिहासकार आणि त्यांचे सहकारी गुपचूप गोळा करत होते. त्यांनीच हा ठेवा १९४३च्या सुरुवातीला पुरून ठेवला होता. डायऱ्या, पत्रं, सरकारी हुकूम अशा कागदांत एका धर्मगुरूची हस्तलिखितंही निघाली. त्यातल्या एका बाडात सप्टेंबर १९३९ ते जुलै १९४२ या काळात त्यांनी केलेली प्रवचनं होती.

या धर्मगुरूंचं नाव कालोनिमुस कालमन शापिरा. वॉर्साच्या दक्षिणेला पियासेच्नो नावाचं गाव आहे, त्यावरून लोक त्यांना पियासेच्नोचे रेब्बे म्हणत. रेब्बे म्हणजे हसीदी पंथातले गुरू. हा पंथ १८व्या शतकात पूर्व युरोपात उभा राहिला. शास्त्राच्या अभ्यासाइतकाच भक्तीला, गाण्याला आणि गुरूच्या सहवासाला त्यात मान आहे. शापिरांचा जन्म १८८९चा. १९२३ साली त्यांनी वॉर्सात धर्मशिक्षणाची मोठी पाठशाळा काढली. मुलांना धाकात ठेवून धर्म शिकवता येत नाही, मुलाच्या आत जे आहे ते जागं करावं लागतं, असं सांगणारं त्यांचं शिक्षणावरचं पुस्तक १९३२ साली आलं. युद्धाआधी त्यांची ओळख होती ती मुख्यतः शिक्षक म्हणून, आणि घेट्टोतली प्रवचनं वाचताना हे लक्षात ठेवावं. समोर बसलेल्या माणसाला आज किती झेपेल, हे बघत बोलणारा माणूस तिथे बोलतो आहे.

युद्धकाळातली प्रवचनं म्हटलं की बहुतेकांना वेगळंच काही आठवतं. धर्मपीठं युद्धात अनेकदा सैन्याच्या मागे उभी राहिली आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, लंडनचे बिशप विनिंग्टन-इंग्राम यांनी प्रवचनातून जर्मनांना ठार मारण्याची हाक दिली होती. अशा बोलण्यातून ऐकणाऱ्याला जोश मिळतो. पण ज्याच्याकडे ना सैन्य आहे, ना शस्त्र, ना पळून जायला वाट, त्याला जोश देऊन काय होणार? रेब्बेंसमोर बसलेली माणसं अशी होती. त्यांना धीर कसा द्यायचा, हा प्रश्न रेब्बेंपुढे जवळजवळ तीन वर्षं आठवड्यामागून आठवडा उभा राहिला. मला ही प्रवचनं मोलाची वाटतात ती एका कारणासाठी. दुःखाचं समाधानकारक कारण सांगितल्यानेच धीर येतो, या समजुतीतून ती हळूहळू बाहेर पडतात, आणि त्यानंतर त्यांतला धीर अधिक खरा होत जातो.

आधी या प्रवचनांची घडण समजून घेऊ. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ज्यू परंपरेत तिचे आठवड्यागणिक भाग पाडलेले आहेत आणि दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, त्या आठवड्याचा भाग वाचला जातो. प्रवचनकार त्यातलं एखादं वचन घेतो, त्यात खटकणारी जागा शोधतो, जुन्या भाष्यकारांचं म्हणणं मांडतो, तालमुद या जुन्या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातली एखादी गोष्ट जोडतो आणि मग आजच्या ऐकणाऱ्यापर्यंत येतो. ज्ञानेश्वरीतली एक ओवी घेऊन तासभर निरूपण करणारे प्रवचनकार आपण ऐकलेले असतात. ही रीत त्याच जातीची आहे. शिवाय हे जग मराठीला पूर्ण परकंही नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाला शनिवार पाळण्यामुळेच ‘शनवार तेली’ हे नाव पडलं होतं, आणि १९व्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे कीर्तनकार अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनात लावत आले.

रेब्बे यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रोजच्या भाषेत बोलत. शब्बाथला लिहिणं निषिद्ध, त्यामुळे शनिवार संपल्यावर ते आठवून आठवून हिब्रूत लिहून काढत. म्हणजे आपल्या हाती आहे ते बोललेल्याचं आटोपशीर टिपण. त्यातला आवाज, मधले थांबे, ऐकणाऱ्यांचं रडणं आपल्यापर्यंत आलेलं नाही.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला एक गोष्ट चक्रावून टाकते. या पानांवर युद्ध जवळपास दिसतच नाही. जर्मनांचं नाव येत नाही, हिटलरचं नाही, घेट्टोच्या भिंतीचं नाही. बाहेर टायफसची साथ आहे, भाकरीसाठी मारामार आहे, आणि इथे याकोब आणि एसावबद्दल, मिसरातून सुटकेबद्दल, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या होमबलींबद्दल बोलणं चालू आहे. हे वास्तवाकडे पाठ फिरवणं आहे का? मला तसं वाटत नाही. घेट्टोत माणसाचं घर जातं, धंदा जातो, नाव जाऊन दंडावर पट्टी येते. सगळे दिवस सारखे होतात. अशा वेळी ‘या आठवड्याचा भाग’ अजून वाचला जातो आहे, म्हणजे आठवडा अजून आपला आहे. जर्मनांनी काही काळ सामूहिक प्रार्थनेवर बंदी घातली होती हे ध्यानात घेतलं, तर नुसतं एकत्र बसून ठरलेला भाग वाचणं ही केवढी गोष्ट होती ते कळतं. शत्रूला त्या पानावर जागा न देण्यातही एक ताठा आहे.

मात्र संदर्भ न सांगता बोलल्यामुळे अर्थ पाहायचा तर तारखेकडे बघावंच लागतं. एक प्रवचन जवळून बघू.

२५ सप्टेंबर १९३९ रोजी वॉर्सावर जबरदस्त बॉम्बफेक झाली. त्यात रेब्बेंचा एकुलता एक मुलगा जखमी झाला. त्याला इस्पितळात नेलं, आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांवर बॉम्ब पडून रेब्बेंची सून आणि एक मेहुणी जागीच गेल्या. २९ तारखेला, सुक्कोथच्या सणात, मुलगाही गेला. काही आठवड्यांत रेब्बेंची आईही गेली. पत्नी १९३७ सालीच वारली होती. इतक्या मरणांनंतर ४ नोव्हेंबरच्या शनिवारी वाचनाला जो भाग आला, त्याची सुरुवात होते अब्राहामची पत्नी सारा हिच्या मृत्यूने.

त्या भागात एक जुनी अडचण आहे. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर बांधतो आणि शेवटच्या क्षणी देव त्याला थांबवतो, ही गोष्ट संपते न संपते तोच सारा मरते. हे दोन प्रसंग शेजारी का? ११व्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार राशी सांगतात की मुलाला बांधल्याची बातमी ऐकूनच साराचा प्राण गेला. हे स्पष्टीकरण ज्यू घरात लहान मुलांनाही ठाऊक असतं. रेब्बे विचारतात, मोशेने हे दोन प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवले ते कोणासाठी? त्यांचं उत्तर असं: देवाला दाखवण्यासाठी. मोशे हा लोकांचा कैवारी. तो देवाला सांगतो आहे की बघ, माणसाला सोसवेल त्यापेक्षा जास्त दुःख दिलं तर काय होतं. सारासारखी थोर बाई, तिचा मुलगा तर वाचलासुद्धा, तरी ती तग धरू शकली नाही. मग आम्ही कशी धरणार?

याच प्रवचनात मिठाचा दाखला येतो. तालमुदात एके ठिकाणी मीठ आणि दुःख यांची सांगड घातलेली आहे: मिठाने मांसाला चव येते, दुःखाने माणूस धुऊन निघतो. दुःखाचं समर्थन करायला हे वचन फार सोयीचं. पण रेब्बे आधीच्या एका हसीदी गुरूंचं, रिमानोवच्या मेनाखेम मेंडेल यांचं म्हणणं पुढे आणतात. मीठ प्रमाणात असेल तरच चव येते. जास्त झालं तर मांस तोंडात धरवत नाही. दुःखाचंही तसंच, तेही माणसाला पेलेल इतकंच हवं आणि त्यात दया मिसळलेली हवी.

सून, मुलगा, आई गमावलेला माणूस हे बोलतो आहे आणि समोरचे सगळे ते जाणून आहेत. स्वतःबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पण ‘आम्हाला झेपत नाही’ ही तक्रार तो श्रद्धेबाहेर न ठेवता थेट धर्मग्रंथाच्या मधोमध आणून ठेवतो. ज्याच्या मनात हीच तक्रार होती आणि ती मनात आली म्हणून ज्याला अपराधी वाटत होतं, त्या ऐकणाऱ्याच्या छातीवरचा एक दगड इथे उतरला असेल. माझ्या मते या प्रवचनांतला पहिला धीर हा आहे. देवाशी भांडायची मुभा.

नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टो बंद झाला. साधारण साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून जास्त माणसं कोंबली गेली. जेल्ना रस्त्यावरचं रेब्बेंचं घर घेट्टोच्या हद्दीतच आलं. तिथे भुकेल्यांसाठी सूप वाटायची सोय केली होती. १९४० ते १९४२च्या मध्यापर्यंत घेट्टोत सुमारे ८३,००० माणसं भुकेने आणि रोगराईने मेली. या काळातल्या प्रवचनांत दुःखामागची जुनी कारणं येतात. पापक्षालन, परीक्षा, पूर्वजांनीही हे सोसलं आहे. काही जागा आज वाचताना जड जातात. तरी त्या गाळून नुसती मनाला भावणारी वाक्यं वेचू नयेत. आपल्याकडे असलेल्या सगळ्या जुन्या उत्तरांचं वजन हा माणूस एकेक करून तपासतो आहे, आणि ती तपासणी आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे.

ही उत्तरं कुठे मोडली तेही आपल्याला दिसतं. डिसेंबर १९४१ च्या हनुक्का या सणाच्या प्रवचनात रेब्बे म्हणतात की या संकटामुळे काहींची श्रद्धा डळमळली आहे, ते म्हणतात असं दुःख इतिहासात कधी झालंच नाही. रेब्बे त्यांना समजावतात. मंदिराचा नाश झाला तेव्हा, रोमनांनी बेतार नगर पाडलं तेव्हा, असंच घडलं होतं. ते वाचताना तुमची श्रद्धा डळमळली नाही, मग आताच का? युक्तिवाद बिनतोड आहे, परंपरेत तो शेकडो वर्षं वापरला गेला आहे.

त्यानंतर २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत घेट्टोतून अडीच लाखांहून जास्त माणसं त्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारली. रेब्बेंची मुलगीही त्या काळात पकडली गेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये रेब्बे जुनी पानं तपासायला बसले, या हनुक्काच्या प्रवचनाशी आले आणि त्याखाली त्यांनी एक टीप लिहिली. आशय असा: १९४२च्या मध्यापर्यंतच्या दुःखांपुरतंच हे खरं होतं, तशी दुःखं पूर्वी होऊन गेली होती. त्यानंतर जे घडलं, ज्या पद्धतीने माणसं मारली गेली, तसं माझ्या माहितीत पूर्वी कधीही घडलेलं नाही.

मूळ मजकूर त्यांनी खोडला नाही, त्याच्याखाली फक्त टीप जोडली. मला हे पान सगळ्या हस्तलिखितात महत्त्वाचं वाटतं. एखादा धर्मगुरू आपल्याच प्रवचनाला सांगतो की तुझा युक्तिवाद आता पुरत नाही, आणि हे तो लिहितो तेव्हा ऐकायला जवळपास कोणी उरलेलं नाही. २०१७ साली डॅनियल रायझर या अभ्यासकाने हस्तलिखितावरून नवी चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा खाडाखोड, समासातल्या भरी, मागाहून केलेल्या दुरुस्त्या नीट समोर आल्या. रेब्बे पुन्हा पुन्हा या पानांकडे वळत होते. मग असा माणूस आशेचा शब्द लिहितो तेव्हा तो सवयीने लिहिलेला नाही, याची वाचकाला खात्री पटते.

आता त्या प्रवचनांकडे येऊ ज्यांच्यामुळे पियासेच्नोच्या रेब्बेंचं नाव आज ज्यू जगाबाहेरही घेतलं जातं. ती १९४२च्या फेब्रुवारी-मार्चमधली आहेत. त्यांचा विषय आहे देवाचं रडणं.

तालमुदात एक चकित करणारं वाक्य आहे: देवाची एक गुप्त जागा आहे आणि तिथे तो रडतो. त्यावर तिथेच शंका काढली आहे की देवाच्या ठायी तर बळ आणि आनंद असतो, मग रडणं कसं? उत्तर मिळतं, आतल्या खोल्या वेगळ्या आणि बाहेरच्या वेगळ्या. रेब्बे इथून पुढे जातात. देव अनंत, तर त्याचं दुःखही अनंत. त्यातली एक ठिणगी जरी या जगात उतरली तरी जग उभं राहणार नाही. म्हणून जग वाचावं यासाठी देव आपलं दुःख आतल्या खोलीत घेऊन जातो. घेट्टोतल्या माणसाला आकाश मुकं वाटत होतं, कारण कोणतीच हाक पोचत नव्हती. रेब्बे त्या मुकेपणाचा अर्थ उलटा लावतात. देवाला पर्वा नाही म्हणून तो गप्प आहे असं नाही. त्याचं दुःख या जगाला पेलणार नाही इतकं मोठं आहे.

याला जोडून ते एक जुनी कथा सांगतात. मंदिराचा नाश झाला तेव्हा देव रडू लागला. देवदूत धावत आला आणि म्हणाला, तुमच्याऐवजी मी रडतो, तुम्ही रडू नका. देव म्हणाला, मला इथे रडू दिलं नाहीस तर जिथे तुला यायची परवानगी नाही अशा ठिकाणी जाऊन रडेन. देवदूतांनाही जिथे मज्जाव आहे, तिथे माणूस जाऊ शकतो, असं रेब्बे म्हणतात. तोरा शिकताना, प्रार्थना करताना माणूस स्वतःला त्या आतल्या खोलीत ढकलत नेतो आणि देवाबरोबर रडतो.

आणि मग येतो तो मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. रेब्बे म्हणतात, माणूस आपल्या दुःखाने एकटाच रडतो तेव्हा ते रडणं त्याला मोडू शकतं, इतकं की पुढे त्याच्याकडून काहीच होत नाही. पण देवाबरोबर रडतो तेव्हा ते रडणंच त्याला बळ देतं. तो रडतो, आणि तरी पुन्हा अभ्यासाला, सेवेला उठून बसतो. इथे दुःख कमी झालेलं नाही. ते का आलं याचं उत्तर मिळालेलं नाही. उद्या सुटका होईल असा शब्दही दिलेला नाही. बदलली आहे ती एकच गोष्ट: माणूस त्या दुःखात एकटा राहिलेला नाही.

नास्तिक वाचकाला हे पटणार नाही, आणि पटावंच असा माझा आग्रह नाही. पण मानसिक अंगानेही यात मोठी समज आहे. घेट्टोत माणसं बधिर होत चालली होती, प्रेतं ओलांडून पुढे जायची सवय झाली होती. अशा वेळी रडता येणं हेही माणूस शिल्लक असल्याचं लक्षण होतं. रेब्बेंनी त्या रडण्याला दुबळेपणा मानलं नाही, त्याला एक जागा दिली.

याचा अर्थ ते निवांत झाले होते असा नाही. याच सुमाराच्या एका प्रवचनात ते दहा हुतात्म्यांची जुनी कथा काढतात. रोमनांनी ऋषितुल्य माणसांचे हाल करून त्यांना मारलं तेव्हा देवदूतांनी आक्रोश केला, आणि वरून आवाज आला की आणखी एक शब्द काढलात तर मी जगाचं पाणी पाणी करीन. रेब्बे म्हणतात, आज निष्पाप मुलं मारली जात आहेत, त्यांच्या किंकाळ्या उठत आहेत, आणि जग विरघळत नाही, जणू त्याला काही झालंच नाही असं उभं आहे. देव आतल्या खोलीत रडतो हे सांगणारा हाच माणूस, आणि हा सवाल टाकणाराही हाच. दोन्ही गोष्टी तो शेजारी शेजारी राहू देतो.

शेवटचं प्रवचन १८ जुलै १९४२चं आहे, चार दिवसांनी गाड्या भरायला सुरुवात झाली. त्यात रेब्बे ऐकणं आणि बघणं यातल्या अंतराबद्दल बोलतात. मंदिराच्या नाशाबद्दल आम्ही वाचत होतो, कधी रडतही होतो, आणि ते दुःख आपल्याला थोडंफार कळलं असं समजत होतो. आता डोळ्यांनी बघितल्यावर कळतं की ऐकणं कुठे आणि बघणं कुठे. सोसणं तर आणखी पुढचं. हे वाक्य आपल्यालाही लागू आहे. आपण ऐकणारेच आहोत.

जानेवारी १९४३ मध्ये रेब्बेंनी आपल्या कागदांसोबत पत्र लिहून ठेवलं. ज्याला हे सापडेल त्याने ते पॅलेस्टाइनमध्ये आपल्या भावाकडे पोचवावं, ते छापलं जावं, आणि छापताना आपल्या आईवडिलांची, पत्नीची आणि मुलांची आठवण त्यात नोंदवावी अशी विनंती त्यात आहे. घेट्टोतल्या ज्यूंनी जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावानंतर त्यांना त्राव्निकीच्या छावणीत नेलं. ३ नोव्हेंबर १९४३ रोजी जर्मनांनी त्या छावणीतले हजारो ज्यू कैदी एका दिवसात गोळ्या घालून मारले. रेब्बे त्यांच्यातच गेले असं मानलं जातं. प्रवचनं १९६० साली इस्रायलमध्ये ‘एश कोदेश’, म्हणजे पवित्र अग्नी, या नावाने पुस्तकरूपात आली. रेब्बेंनी स्वतः दिलेलं नाव जास्त साधं होतं: क्रोधाच्या वर्षांतली तोराची निरूपणं.

आपल्या रोजच्या दुःखांसाठी त्या माणसांच्या शब्दांतून धीर घेणं बरोबर आहे का, असं कोणाला वाटू शकतं. रेब्बेंना ही पानं लोकांच्या हाती जायला हवी होती, त्यांनी ती त्यासाठीच जपली, इतकं मला पुरेसं वाटतं. फक्त वाचायची रीत सांभाळावी. पुस्तक इंग्रजीत उपलब्ध आहे. ते सलग वाचत सुटू नये, आठवड्याला एक प्रवचन पुष्कळ झालं. प्रत्येक प्रवचनाआधी त्या आठवड्याचा बायबलमधला भाग मराठी बायबलात वाचून घ्यावा, नाहीतर अर्धे दुवे सुटतात. तारीख बघावी आणि त्या तारखेला वॉर्सात काय चाललं होतं ते शोधून ठेवावं. सुरुवात साराच्या मृत्यूवरच्या प्रवचनापासून करायला हरकत नाही, कारण ती गोष्ट आपल्याला पटकन कळते. देवाच्या रडण्यावरची प्रवचनं थोडी थांबून, मधली काही वाचून झाल्यावर घ्यावीत. आणि १९४१ च्या हनुक्काशी आलात की खालची टीप वाचल्याशिवाय पान उलटू नका.